शंभर टक्के चालतं

डास पळवण्याचं यंत्र मी का करायला घेतलं, याची सात कारणं आमच्या सोसायटीत सात जण सांगतात. अरुणा, म्हणजे माझी बायको, एकाच शब्दात सांगते, पण तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. खरं कारण साधं होतं. नव्व्याण्णव साली पावसाळा सुरू होता होता मला मलेरिया झाला. बरा झाल्यावर अरुणा रोज संध्याकाळी खोलीत कॉईल लावू लागली आणि तिच्या धुरानं मला शिंका येऊ लागल्या. एकदा सुरू झाल्या की अठरा. मी मोजलेल्या आहेत. बँकेच्या काउंटरवरून अठरा शिंका देणाऱ्या माणसापुढे कोणी पासबुक सरकवत नाही. लोक शेजारच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

तेव्हा डासांना ऐकू येतो पण माणसाला ऐकू येत नाही असा आवाज काढणारं यंत्र घरच्या घरी करता येतं, हे कळल्यावर मी थांबणं शक्यच नव्हतं. कॉलेजात असताना मी एक रेडिओ जोडला होता. तो बोलला नाही हे खरं, पण जोडला होता.

आम्ही सुरतेत उधन्याच्या बाजूला राहतो. तिथून जवळच तुषारभाईंचं दुकान होतं. त्याच्या एका अर्ध्यात साड्यांना फॉल-पिको व्हायचं आणि दुसऱ्या अर्ध्यात इंटरनेट. मधे पडदा होता. पलीकडे शिलाई मशीन सुरू झालं की अलीकडे कॉम्प्युटरचा पडदा थरथरायचा. यंत्राची आकृती वरून खाली एकेक ओळ करत उतरायची आणि निम्म्यावर आली की लाईन कटायची. पहिल्या दिवशी मला एका आकृतीचा वरचा अर्धा भाग मिळाला आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच आकृतीचा खालचा. ते दोन्ही जोडून पाहण्याचा मोह मी टाळला. अडाणीपणालाही मर्यादा असावी.

आठवड्याभरात माझ्याकडे पाच वेगवेगळ्या पानांवरच्या पाच आकृत्या जमल्या. पाचही यंत्रं एकाच जातीची. एक छोटी आयसी, दोन-तीन रोधक, एक धारक आणि आवाज काढणारी एक चकती. मात्र मधल्या एका रोधकाची किंमत कोणी एक किलो-ओहम सांगत होतं, कोणी दहा, तर कोणी शंभर. आता विश्वास कोणावर ठेवायचा?

बँकेत सही पडताळण्यात माझी बारा वर्षं गेलेली. कागद पाहून माणूस ओळखायचा, हे माझं कामच. मी पाचही पानं जेवणाच्या टेबलावर मांडली. एकावर दिवे लुकलुकत होते, ते उथळ म्हणून बाद. एकावर लेखकाचा चष्म्यातला फोटो होता, त्याला मी दोन गुण जादा दिले. एका पानावर आतापर्यंत किती लोक येऊन गेले त्याचा आकडा होता, एकेचाळीस हजार. एकेचाळीस हजार माणसं काय वेडी असतील?

अरुणा पालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवते. वह्या तपासता तपासता तिनं पानांवर नजर टाकली आणि म्हणाली, "या पाचही जणांनी 'डास' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग चुकवलंय."

"परदेशातही लोक चुका करतात."

"करतात ना. पण पाचही जण एकच चूक, एकाच जागी? माझ्या वर्गात असं झालं की मी पाच जणांना उभं करते आणि विचारते, कोणाचं बघून लिहिलंत?"

मी पाचही पानं पुन्हा वाचली. तिचं बरोबर होतं. ज्यांना मी पाच साक्षीदार समजत होतो, तो एकच साक्षीदार पाच वेळा सदरा बदलून आला होता. हे लक्षात आल्यावर वाईट वाटण्याऐवजी मला अंगात काहीतरी चढल्यासारखं झालं. म्हणजे यांच्यात एक मूळ पान असणार! तुषारभाईंकडे आणखी तीन दिवस बसून मी ते शोधून काढलं. ते फिनलंडमधल्या एका निवृत्त रेडिओ दुरुस्तीवाल्या गृहस्थाचं होतं. त्यात रोधक एक किलोचा होता, आणि आकृतीखाली त्यानं स्पष्ट लिहिलं होतं, 'स्वतः करून पाहिलं आहे. शंभर टक्के चालतं.'

"आता बोल," मी अरुणाला म्हणालो.

"मी काय बोलू? त्याला विचार, कसं करून पाहिलं ते."

पण मूळ माणसापर्यंत पोचल्यावर त्याची उलटतपासणी घेणं मला असभ्यपणाचं वाटलं. मी सामान आणलं आणि जोडायला बसलो.

दुकानदारानं चुकून शंभर किलोचा रोधक दिला होता. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी यंत्रातून चहाच्या किटलीसारखी शिट्टी निघाली आणि समोरच्या दारातले उखाभाऊ धावत आले. उखाभाऊ पाटील लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मशीनं दुरुस्त करणारे जॉबर म्हणून निवृत्त झालेले. आवाजावरून मशीनचा रोग ओळखणं हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. मी रोधक बदलला. शिट्टी बंद झाली.

"बिघडलं?" उखाभाऊंनी विचारलं.

"नाही भाऊ, आता चालू झालं."

"आवाज तर येत नाही."

"आवाज येत नाही म्हणजेच चालू आहे."

उखाभाऊंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "साहेब, पस्तीस वर्षं लूमवर काढली मी. मशीन गप्प झालं की आम्ही मालकाला बोलवायचो. तुम्ही पेढे वाटून राहिले."

हा प्रश्न मात्र खरा होता. ऐकूच न येणारा आवाज निघतोय हे ओळखायचं कसं? उखाभाऊंनी सुचवलं की कुत्र्याला ऐकू येतं. म्हणून सोसायटीच्या दारातल्या कुत्र्याला बिस्किट दाखवून दुसऱ्या मजल्यावर आणलं. त्यानं बिस्किट खाल्लं आणि यंत्राला पाठ लावून झोपून गेला. उखाभाऊ म्हणाले, यंत्र बंद आहे. मी म्हणालो, कुत्रा बहिरा आहे. निकाल लागला नाही.

पण त्या संध्याकाळी आमच्या खोलीत एकही डास आला नाही! खरंच एकही नाही. मी खिडकी सताड उघडून बसलो, बाह्या वर केल्या, पाय उघडे टाकले. काही नाही. उखाभाऊ नऊपर्यंत बसून होते. उठताना म्हणाले, "मला एक करून द्या." दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या पुष्पाबाई वर आल्या. त्यांचा मुलगा आनंदा कडोदऱ्याला लूमवर रात्रपाळी करतो. सून कविता तीन महिन्यांपूर्वी बाळंत झालेली. पुष्पाबाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या बाळासाठी पण करा ना एक. तळमजल्यावर लई मच्छर."

कोणी आपल्याकडे अशा आशेनं पाहिलं की माणूस फार उदार होतो. मी दोन यंत्रं केली आणि स्वतः जाऊन लावून दिली. पुष्पाबाईंनी विचारलं, "चालतं ना नक्की?" मी म्हणालो, "शंभर टक्के." ते दोन शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले, जणू मीच फिनलंडहून आलो होतो.

पाच-सहा दिवसांनी मी पायाला खाजवत असताना अरुणा म्हणाली, "तुझं यंत्र पहिल्यांदा लावलंस त्या संध्याकाळी धुराची गाडी येऊन गेली होती ना गल्लीत?"

"कोणती गाडी?"

"पालिकेची. मी शाळेतून येत होते तेव्हा धूर सोडत होती. मला रस्ता दिसेना. तुला सांगायचं राहून गेलं."

सांगायचं राहून गेलं! मी शास्त्रीय पद्धतीनं खिडकी उघडून बसलो होतो आणि गल्लीतले सगळे डास त्याआधी तासभर मरून पडले होते.

मग मात्र मी असभ्यपणा करायचं ठरवलं. तुषारभाईंच्या दुकानातून फिनलंडला पत्र पाठवलं. बँकेची सवय असल्यामुळे वर विषय लिहिला, 'आपल्या यंत्राच्या चाचणीबाबत खुलासा मिळणेबाबत.' चार दिवसांनी उत्तर आलं. गृहस्थ फार सज्जन होता. त्याच्या आकृतीवर सुरतेत कोणी विचार करतंय याचा त्याला आनंद झाला होता. त्यानं लिहिलं होतं की यंत्र त्यानं डिसेंबरात केलं, तीन आठवडे चालू ठेवलं आणि घरात एकही डास आला नाही. बाहेर तेव्हा गुडघाभर बर्फ होतं. उन्हाळ्यात करून पाहिलं नाही, कारण उन्हाळ्यात त्यांच्याकडे डास फार असतात, म्हणून तो मच्छरदाणीत झोपतो.

तुषारभाईंनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. पडद्यापलीकडचं शिलाई मशीन थांबलं. "भालेरावभाई," ते हळूच म्हणाले, "मशीन तो छे. पण मच्छरने कोण समजावशे?" डासांना कोण समजावणार, हा प्रश्न रास्तच होता.

इथे शहाणा माणूस थांबला असता आणि शेजाऱ्यांना सांगून मोकळा झाला असता. मलाही ते सुचलं होतं. पण काय सांगणार? यंत्र चालत नाही, असं? तेही मला कुठे माहीत होतं? बर्फात करून पाहिलं म्हणजे सुरतेत चालत नाही, असं काही सिद्ध होत नाही. आधी आपण पक्कं पाहू, मग बोलू, असं मी स्वतःला समजावलं. आता कळतं की त्यातला निम्मा भाग कुतूहल होता आणि निम्मा भाग उखाभाऊंच्या चेहऱ्याची भीती.

मी वही केली. रोज सात वाजता यंत्र चालू करून पंधरा मिनिटं हात उघडा ठेवायचा, बसलेले डास मोजायचे, मोजला की हाकलायचा. मग यंत्र बंद करून साडेसातला पुन्हा पंधरा मिनिटं. आठ दिवसांचे आकडे आले. चालू असताना सरासरी नऊ, बंद असताना चौदा. म्हणजे काहीतरी फरक होता! मी हरखलो. पण डास रोज सारखे येत नव्हते. पुराव्याला बळकटी हवी तर डास आपल्या हाताखालचे हवेत, एवढं मला कळत होतं.

म्हणून मी घरात डास पाळले.

हे वाक्य लिहिताना आजही कान गरम होतात. अरुणाच्या दुधाच्या जुन्या पातेल्यात पाणी घेऊन ते गॅलरीत ठेवलं. आठवड्यात त्यात अळ्या वळवळायला लागल्या. मी त्या भिंगातून पाहायचो. श्वास घ्यायला त्या उलट्या लटकतात, सावली पडली की एकदम खाली सुटतात. बँकेतून आल्यावर चहाआधी मी गॅलरीत जायचो. वरून जाळीचं कापड बांधलं होतं आणि अक्षर सुबक काढून पाटी लावली होती, 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये.'

सुरतेत पालिकेचा माणूस दर आठवड्याला घरोघर पाणी तपासायला येतो. आमच्याकडे येणारा गेली तीन वर्षं येत होता. माठ पाहायचा, कूलर पाहायचा, दारावर खडूनं तारीख लिहून जायचा. त्या दिवशी तो गॅलरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"साहेब," तो आतूनच म्हणाला, "आ शुं छे?"

"प्रयोग आहे."

"आ तो पोरा छे."

"अळ्याच आहेत. मुद्दाम ठेवल्यात."

मुद्दाम हा शब्द मी बोलायला नको होता. त्याच्या छापील कागदावर डास होण्याच्या कारणांचा एक रकाना असतो. तिथे टाकी, माठ, टायर, कुंडी असं काहीतरी लिहायचं असतं. बिचारा पेन धरून उभा राहिला. त्याच्या सगळ्या नोकरीत असा माणूस भेटलेला नसावा. शेवटी त्यानं गुजरातीत एकच शब्द लिहिला, 'शोख', म्हणजे हौस. पातेलं त्यानं मोरीत ओतलं, पाटी पुरावा म्हणून नेली आणि नोटीस दाराला चिकटवली. सोसायटीच्या स्वच्छता समितीचा अध्यक्ष मी असल्यामुळे ती वाचायला तीनही मजल्यांवरून लोक आले. उखाभाऊंनी चष्मा आणून दोनदा वाचली. "डास पळवायचं मशीन, आणि डास पाळायचं पातेलं," ते म्हणाले. "दोन्ही खाती तुमच्याकडेच का साहेब?"

सोमवारी मी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात हजर झालो. एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. तिसऱ्यातल्या कारकुनानं पुन्हा पहिल्या खिडकीकडे बोट दाखवलं. बारा वर्षं मी लोकांना अशीच बोटं दाखवत आलोय, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. शेवटी आतल्या खोलीत मलेरिया विभागाच्या डॉ. गज्जर मॅडमसमोर बसलो. साधारण माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या. टेबलावर माझी पाटी.

"तुम्ही भणेला, म्हणजे शिकलेला माणस," त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "का केलं असं?"

मी सगळं सांगितलं. फिनलंडसुद्धा. आणि वही पुढे केली. वाटलं होतं, त्या न बघताच बाजूला ठेवतील. पण त्यांनी चष्मा लावला आणि पान उलटलं. मग दुसरं. मग खुर्ची पुढे ओढली.

"पहिली गोष्ट, अळ्या कोणत्या होत्या? पाण्यात उलट्या लटकायच्या की पृष्ठभागाला आडव्या चिकटायच्या?"

"उलट्या लटकायच्या."

"मग ते मलेरियाचे डासच नाहीत. साधे." मला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं. "दुसरी गोष्ट. रोज आधी मशीन चालू आणि मग बंद?"

"हो. सात आणि साडेसात. अगदी काटेकोर."

"कधी उलटं केलं? आधी बंद, मग चालू?"

"नाही."

त्यांनी वहीतल्या सात आणि साडेसात या आकड्यांभोवती पेनानं गोल काढले. मला कळायला साधारण अर्धं मिनिट लागलं असेल. सात वाजता उजेड असतो. साडेसातला अंधार पडतो. अंधार पडला की डास वाढतात. यंत्र असो वा नसो. माझे नऊ आणि चौदा यंत्राचे नव्हतेच, ते सूर्याचे होते.

खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला आनंद झाला. इतकी साधी, इतकी सुंदर चूक! मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "तुमच्यासारखे आकडे आमची माणसं पण लिहीत नाहीत. फक्त क्रम चुकला." आणि मग वही मिटता मिटता सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे मशीन आणखी किती घरांत दिलंय?"

"दोन."

"त्या घरांत मच्छरदाणी लावतात ना अजून?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी ते कधी विचारलंच नव्हतं. पाच पानांचं स्पेलिंग तपासलं, कुत्र्याला बिस्किट घातलं, पण हे विचारलं नव्हतं.

स्कूटर मी त्या दिवशी कशी चालवली ते आठवत नाही. पुष्पाबाईंचं दार उघडंच होतं. खाटेवर बाळ झोपलेलं, डोक्याशी माझं यंत्र. वर मच्छरदाणीचे चार खिळे नुसतेच.

"मच्छरदाणी कुठाय?"

"आनंदाला दिली," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्याला तिकडे कडोदऱ्याला पाळी संपली की लूमवरच झोपावं लागतं, लई चावतात म्हणे. इथं तुमचं मशीन आहे ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "बाळ कालपासून गरम लागतंय जरा."

मी बाळाच्या कपाळाला हात लावला. माझ्या हाताला घाम होता, म्हणून पुन्हा पुसून लावला. गरम होतं. कविताला आणि बाळाला रिक्षात बसवलं, मी मागून स्कूटरवर. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. बाळ रडलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी कविताला विचारलं, लसीचं इंजेक्शन वगैरे काही दिलं होतं का? ती म्हणाली, "हो, परवा ट्रिपलचं." डॉक्टर म्हणाले, मग त्याचाही ताप असेल, पण रिपोर्ट उद्याच कळेल.

त्या उद्यापर्यंतचा वेळ मी कसा काढला ते अरुणाला विचारा. ती एरवी बोलली असती. त्या दिवशी तिनं आमच्या पलंगाची मच्छरदाणी काढून, घडी करून माझ्या हातात दिली.

दुपारी रिपोर्ट आला. काही नव्हतं. ताप इंजेक्शनचाच होता आणि तोवर उतरलाही होता. मी संध्याकाळी मच्छरदाणी घेऊन तळमजल्यावर गेलो. वाटेत उखाभाऊंना सांगितलं की यंत्र चालत नाही. ते म्हणाले, "ते तर मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मी त्याला कपड्यांच्या कपाटावर ठेवून दिलंय." इतक्या दिवसांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. माझं मन राखत होते म्हणे.

पुष्पाबाईंच्या घरी मी चारही खिळ्यांना मच्छरदाणी बांधली, बाळ आत गेलं, कडा गादीखाली खोचल्या. मग उभा राहून म्हणालो, "पुष्पाबाई, माझं चुकलं. हे मशीन चालत नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच म्हटलं होतं, शंभर टक्के चालतं."

"हो."

"आता म्हणता, चालत नाही."

"हो."

"मग आताचं तरी खरं कशावरून?"

मी वही काढली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. "मला वाचता येत नाही साहेब. मला दाखवा."

असा न्याय्य प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फिनलंडवाल्याला मी तो नीट विचारला नाही, स्वतःला तर नाहीच. सात वाजून गेले होते, बाहेर अंधार झाला होता. मी यंत्र चालू करून स्टुलावर ठेवलं, त्याच्या शेजारी खाली बसलो, बाही कोपराच्या वर सारली आणि हात पुढे केला. पुष्पाबाई समोर बसल्या. जाळीच्या आत बाळ मुठी आवळून झोपलेलं. कविता दारात उभी.

पहिला डास मिनिटभरात आला. यंत्रावरच बसला, मग तिथून उडून माझ्या मनगटावर.

"एक," पुष्पाबाई म्हणाल्या.

मी हाकलला. दुसरा आला, तिसरा आला. त्या संथपणे, जात्यावर बसल्यासारख्या मोजत होत्या. सातपर्यंत त्यांचा चेहरा कडकच होता. नऊला कविताला हसू फुटलं. अकराला पुष्पाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बस. पटलं मला."

"अजून चार मिनिटं बाकी आहेत," मी म्हणालो.

बाराव्याला मी हाकलायच्या आत त्यांनीच मारलं. माझ्याच हातावर, आणि डासाला लागतो त्यापेक्षा बऱ्याच जोरात.